साबणवाले डॉक्टर

आमचे डॉक्टर जनावरांना ‘तुम्ही’ म्हणत आणि माणसांना ‘तू’. एखादी म्हैस दवाखान्याच्या दारात अडून बसली तर तिच्या कानाशी वाकून म्हणायचे, "जरा उठता का बाई? दोन मिनिटांचं काम आहे." आणि तिचा मालक कासरा धरून बाजूला उभा असायचा त्याला म्हणायचे, "तू इकडे ये. नखं दाखव आधी." नखं वाढलेली दिसली की खिशातून नेलकटर निघायचं. गावच्या सरपंचाची नखं त्यांनी दवाखान्याच्या पायरीवर बसवून कापली होती, आणि सरपंच शाळकरी पोरासारखा एकेक बोट पुढं करत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पोंभुर्ण्याहून आत, जंगलाच्या कडेला असलेल्या एका गावात हा दवाखाना होता. दोन खोल्या, पुढं जनावर उभं करायचा लोखंडी खोडा, मागं हातपंप. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक तिथं झाली. आरमोरीहून पहाटे निघून, दोन गाड्या बदलून मी पोचले आणि रुजू होण्याचं पत्र त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"हात धू."

मी हातपंपावर जाऊन धुऊन आले.

"हे धुणं नाई. हे भिजवणं झालं. जा परत."

शर्टाच्या खिशात त्यांच्या एक छोटी पत्र्याची डबी असे, तिच्यात साबणाची वडी. ती त्यांनी पुढं केली. बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटाच्या वर चार बोटं, असं त्यांच्या देखरेखीखाली तिसऱ्यांदा धुऊन झाल्यावर मी शासकीय सेवेत दाखल झाले. माझं नाव त्यांनी पत्रावर वाचलं असेल, पण पुढची साडेतीन वर्षं त्यांनी मला ‘आरमोरीवाली’ असंच म्हटलं.

गावात त्यांना समोर ‘डॉक्टरसाहेब’ आणि मागं ‘साबणवाले डॉक्टर’ म्हणत. त्यांना दोन्ही ठाऊक होतं. लोकांची समजूत अशी की यांच्या घरी लहानपणी कोणीतरी रोगानं दगावलं असणार, त्याशिवाय माणूस इतका हात धूत नाही. मीही तसंच धरून चालले होते. एकदा धीर करून विचारलं तर ते चकितच झाले. वडील बल्लारपूरला कागद कारखान्यात होते, आई नव्वदीला टेकलेली, चारही भावंडं ठणठणीत.

"कोणी मेलं पायजे काय हात धुवाले?" ते म्हणाले.

रोगजंतूंना ते ‘पाहुणे’ म्हणत. "पाहुणे दिसत नाईत, पण पंगतीले सगळ्यांच्या आधी बसतेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरी अंडं उकडायचं तर मनगटावरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवत आणि बारा मिनिटं तिथून हलत नसत. बल्लारपूर स्टेशनबाहेरच्या एका अंडेवाल्याशी त्यांचा अर्धवट शिजलेल्या आम्लेटावरून असा वाद झाला होता की त्यांची गाडी सुटली. दुसरी गाडी येईपर्यंत ते पुन्हा त्याच अंडेवाल्याच्या हातगाडीवर जाऊन बसले आणि त्याला आम्लेट दोन्ही बाजूंनी कसं भाजायचं ते दाखवून आले.

आणखी एक गोष्ट त्यांच्या पिशवीत कायम असे. रंगाच्या दुकानात भिंतीचा रंग निवडायला देतात ते रंगांच्या पट्ट्यांचं कार्ड. शेतकऱ्याला ‘शेण कसं आहे’ विचारलं तर तो ‘पातळ’ म्हणून मोकळा होतो. डॉक्टर कार्ड उघडून पुढं धरत. मग तो बोट ठेवून सांगे, "काल हा होता, आज हा झाला." एका म्हातारीनं ते कार्ड बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "साहेब, दवाखान्याले हाच रंग देऊन राह्यले का?" त्यावर ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग लगेच हात धुतले, कारण डोळे पुसले होते.

जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले तेव्हा दारात चुन्याच्या निवळीचा ट्रे ठेवून त्यांनी साहेबांना बुटांसकट त्यात पाय बुडवायला लावले. बूट नवे होते. साहेबांनी शेरेबुकात ‘अतिरेकी स्वच्छता’ असा शेरा लिहिला. डॉक्टर तो शेरा पुढं महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवत होते, बक्षीस मिळाल्यासारखा.

सांगायचं ते वेगळंच. पण माणूस कसा होता हे कळल्याशिवाय ते कळणार नाही, म्हणून इतकं लिहिलं. शिवाय ते दिवस आठवायला लागले की मला आवरत नाही. दुपारी दवाखाना रिकामा असायचा, मागच्या मोहाच्या झाडाखाली आम्ही डबे उघडायचो, आणि ते माझ्या डब्यातल्या भाकरीला हात न लावता विचारायचे, "आरमोरीवाली, पाणी कुठलं आहे हे?"

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी उन्हाळ्यात बचतगटाच्या बायकांना योजनेतून कोंबड्यांची पिल्लं वाटायची होती. खोक्यांतून पिल्लं आली. डॉक्टरांनी प्रत्येक पिल्लू हातात घेऊन पाहिलं, डोळे, नाक, बूड. लंगडी, मलूल दिसली ती परत पाठवली. उरलेली स्वतःच्या हातानं एकेका बाईच्या पाटीत ठेवली. चांगली निघाली ती पिल्लं. धान कापणीला आलं तोवर गावात इतक्या देखण्या, तुकतुकीत कोंबड्या झाल्या होत्या की शेजारच्या गावचे लोक अंडी मागायला यायचे.

धान घरात आल्यावर, डिसेंबरात, दिवाकरभाऊंच्या नातवाचं नामकरण होतं. दिवाकर म्हणजे गावातला खाऊनपिऊन सुखी शेतकरी, जिभेनं तिखट, पण पंक्ती वाढताना हात मोकळा. गावजेवण ठेवलं. घरोघरून कोंबड्या गोळा झाल्या. स्वयंपाकाला पार्बताबाई. ही विधवा बाई गावाच्या टोकाला एकटी राहायची. दीड-दोनशे पानांचा रस्सा एकटीच्या अंगावर घेणारी दुसरी बाई त्या पंचक्रोशीत नव्हती. जंगलातली मुळंपाळं तिला कळत, पोटदुखीला, विंचू-साप चावल्यावर लोक तिच्याकडे जात. दिवाकरभाऊंशी तिचं बांधावरून एकदा वाजलं होतं, पण स्वयंपाकासाठी बोलावणं तिलाच गेलं.

जेवण रविवारी दुपारी झालं. सोमवारी सकाळपासून माणसं आडवी व्हायला लागली. ताप, पोटात मुरडा, ओकाऱ्या, हगवण. घरटी एकदोन. आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि नर्सबाई शाळेच्या वर्गात सलाईन लावत बसल्या. खिडकीच्या गजांना बाटल्या टांगलेल्या मला अजून दिसतात. मंगळवारी दिवाकरभाऊंचे वडील गेले. म्हातारे होते, दोन दिवसांत अंगातलं पाणी संपलं.

आमचे डॉक्टर बुधवारी सकाळी घरोघर फिरायला लागले. लोकांना कळेना.

"माणसाच्या दुखण्यात ढोराच्या डॉक्टराचं काय काम?" एकानं विचारलं.

"मले एकच सांग. रविवारी कोशिंबीर खाल्ली होती का?"

प्रत्येक दारात हाच प्रश्न. मी वहीत लिहीत होते. दुपारपर्यंत मला त्यांचं डोकं कळायला लागलं. एक माळकरी आजी होती, तिनं कोंबडीला हातही लावला नव्हता, नुसता भात, वरण आणि मुळा-टमाटराची कोशिंबीर. ती आडवी. तिचा नातू रश्श्याच्या तीन वाट्या प्यायला होता, पण मुळ्याला नाक मुरडतो. तो अंगणात गोट्या खेळत होता. असंच घरामागून घर.

मग ते पार्बताबाईकडे गेले. ती ओसरीवर बसली होती, गेले दोन दिवस तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं.

"कोंबड्या कुठी साफ केल्या?"

"मोठ्या घमेल्यात. एकच देल्लं होतं त्याइनं."

"आणि मुळे, सांबार?"

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. ती म्हणाली, "त्यातच. पाण्यानं खंगाळलं होतं साहेब. इळाही तोच."

"केव्हा चिरलं?"

"सकाळीच चिरून ठेवलं. पंगती उठता उठता तीन वाजले."

डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. तिला ‘तू’ म्हणाले नाहीत. "तुमचा रस्सा उकळला होता. त्यात काई नव्हतं. कोंबडीच्या पोटातले पाहुणे घमेल्यातून कोशिंबिरीत गेले. कच्चीच खाल्ली सगळ्याइनं."

संध्याकाळी आम्ही घरोघरच्या उरलेल्या कोंबड्यांचे नमुने घेतले. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "साल्मोनेला असल. कोंबडीले काईच होत नाई त्यानं. पिसं तुकतुकीत, अंडी रोजची. माणसाच्या पोटात गेला की लोळवते." मग थोडं चालून म्हणाले, "पण नागपूरचा रिपोर्ट आल्याशिवाय हे कोणाजवळ बोलायचं नाई. अंदाज म्हणजे अफवाच, फक्त शिकलेल्या माणसाची."

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी नमुने घेऊन नागपूरला जायचं ठरलं. बर्फाच्या डब्यात ते दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवले.

गुरुवारी मी गाडीला निघणार तोच पोलीस पाटील धावत आला. चौकात माणसं जमली होती. पार्बताबाईच्या घराचे कवेलू, म्हणजे कौलं, लोकांनी फोडले होते आणि तिला ओढत चौकात आणलं होतं. तिनं जेवणात काहीतरी घातलं, बांधाच्या भांडणाचा वचपा काढला, असं कोणी म्हणत होतं. कोणी त्याहून वाईट शब्द वापरत होतं. आमच्या भागात तो शब्द एकदा बाईला चिकटला की तिचं काय होतं, ते सांगायला नको. पोलीस पाटलानं ठाण्याला फोन केला होता. गाडी यायला दीड तास तरी लागणार होता.

डॉक्टर तसेच निघाले. मी मागं. चौकात पार्बताबाई जमिनीवर बसली होती, पदर खांद्यावरून गेलेला, आणि तो सावरायचंही भान तिला नव्हतं. दिवाकरभाऊ समोर उभे होते. दोन दिवसांपूर्वी बाप जाळून आलेला माणूस. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले.

डॉक्टर पार्बताबाईच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभे राहिले.

"दिवाकर, हिनं काई घातलं नाई. रोग कोंबड्याइत होता. त्या कोंबड्या मी वाटल्या. माह्या हातानं."

"कोंबड्या तं धडधाकट होत्या."

"तेच तर. तो रोग कोंबडीले होत नाई, माणसाले होते. रिपोर्ट आला आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. नमुने फ्रिजमध्ये होते.

"कधी आला?"

"आज. सकाळी."

"काल संध्याकाळी नमुने घेतले ना तुमी? आमच्याच घरी आले होते." दिवाकरभाऊ जवळ आले. "एका रातीत रिपोर्ट येते का डॉक्टर?"

डॉक्टरांना खोटं बोलता येत नसे. एक बोलून झालं होतं, दुसऱ्याला त्यांच्याजवळ शब्द नव्हते. कान लाल झाले, ओठ हलले आणि थांबले. गर्दीत कोणीतरी हसलं. ते हसणं मला आवडलं नाही.

"येते," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "रातच्या गाडीनं मीच देऊन आली नागपूरले. नवीन मशीन हाये आता तिथी, दोन तासात सांगतेत. फोन मलेच आला."

सगळे माझ्याकडे वळले. मी आरमोरीची, त्यांच्याच बोलीची, त्यांच्या गाईगुरांना रोज हात लावणारी पोरगी. त्यांनी विश्वास ठेवला.

दिवाकरभाऊ पुन्हा डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले, "म्हणजे माह्या बापाले तुमी मारलं."

"माह्या हातून गेलं ते," डॉक्टर म्हणाले. "पिल्लं मी पाह्यली होती. मले दिसलं नाई."

दिवाकरभाऊंनी त्यांच्या छातीवर दोन्ही हात मारले. डॉक्टर मागं पडले, उठले आणि पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहिले. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा दिवाकरभाऊंनी हात उचलला आणि तो तसाच खाली सोडून मातीत बसले, बापाच्या नावानं रडायला लागले. मग गर्दीतल्या बायका पुढं झाल्या. कोणीतरी पार्बताबाईचा पदर सारखा केला. ठाण्याची गाडी आली तेव्हा चौकात अर्धी माणसं उरली होती, आणि डॉक्टर अजून तिथंच उभे होते, शर्टाला माती, चष्म्याची एक काडी तुटलेली.

दवाखान्यात परतल्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्या पह्यल्या गाडीनं जा. बर्फ बदलून घे."

मी गेले. पुढचे दिवस कसे काढले ते आम्हा दोघांनाच ठाऊक. रिपोर्टात काही निघालं नसतं तर? मी हे एकदा बोलून दाखवलं. ते साबणाची डबी घेऊन हातपंपाकडे गेले. त्या आठवड्यात त्यांनी जनावरांशीसुद्धा बोलणं कमी केलं होतं.

रिपोर्ट आला. कोंबड्यांमध्ये साल्मोनेला होता. रुग्णांच्या तपासणीतही तोच, आणि नुसता त्या जातीचा नाही, अगदी त्याच वाणाचा. "एकाच आडनावाचे नाई, एकाच घरचे," डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, संपलं. मी चहा ठेवायला उठले, तर ते कोरा कागद पुढं ओढून खुलासा लिहायला बसले.

"काय लिहून राह्यले सर?"

"झालं ते."

"रिपोर्ट तं खरा निघाला. आता कोण विचारते?"

"रिपोर्ट आज आला. मी आठवड्याआधी आला म्हणालो. दोन्ही कागदावर पायजे."

मी विनवण्या केल्या, चिडले, रडलेसुद्धा. त्यांनी पेन ठेवलं नाही.

त्यानंतर गावातल्या त्या सगळ्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. बायका पोटाशी धरून आणत आणि मान वळवून देत. डॉक्टर प्रत्येकीकडून स्वतः घेत होते, कोंबडीला काहीतरी हळू आवाजात सांगत होते. गावाबाहेरच्या खड्ड्यात चुना टाकून होईपर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत. दिवाकरभाऊंनी आपल्या कोंबड्या आणून खड्ड्याजवळ ठेवल्या आणि न बोलता गेले. ते पुन्हा आमच्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत. बैलाला काही झालं तर दूरच्या दवाखान्यात नेत. मला त्यांचा कधी राग आला नाही.

डॉक्टरांच्या खुलाशाचं जे व्हायचं ते झालं. अहवाल नसताना अहवाल आल्याचं जाहीर केलं म्हणून ताकीद, आणि बदली थेट सिरोंच्याकडे. पिल्लं ज्यांनी पाठवली त्यांच्या चौकशीचं काय झालं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ते निघाले त्या सकाळी स्टँडवर मी, आमचा शिपाई आणि पार्बताबाई, इतकेच. पार्बताबाईच्या घरावर तोवर नवे कवेलू चढले होते आणि वरच्या आळीतल्या एका लग्नाची सुपारी तिला आली होती. तिनं त्या लोकांना सांगितलं होतं म्हणे, दोन घमेले आणि दोन इळे असतील तरच येते. हे ऐकून डॉक्टर खूश झाले. मला म्हणाले, "इतक्या वर्षांत एक विद्यार्थी मिळाला." मी तिथंच उभी होते.

पुढं ते तिकडंच निवृत्त झाले आणि बल्लारपूरला भावाशेजारी राहायला आले. माझ्याही बदल्या झाल्या. सणासुदीला फोन होतो. तिकडे तेलुगू बोलणाऱ्या म्हशींना ‘तुम्ही’ला काय म्हणायचं ते शिकायला दोन महिने लागले, असं ते गंभीरपणे सांगतात.

मागच्या वर्षी त्या जुन्या दवाखान्याचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला. इमारत पाडून नवी बांधायची होती, म्हणून जुनं दप्तर उपसत बसले होते. त्यात त्यांच्या खुलाशाची दुय्यम प्रत सापडली. ती मी त्या दिवशी वाचली नव्हती, रागात उठून गेले होते. चौकातलं सगळं त्यात होतं. ते स्वतः काय बोलले, दिवाकरभाऊ काय बोलले, कितीदा पडले. माझं वाक्य नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं: ‘सदर दिवशी पशुधन पर्यवेक्षक रजेवर असल्याने नमुने दुसऱ्या दिवशी पाठविण्यात आले.’

मी हजेरीपट शोधून काढला. डिसेंबरचं पान. त्या गुरुवारी माझ्या नावापुढं सही होती, ती खोडून वर बारीक अक्षरात ‘कि.र.’ लिहिलेलं. किरकोळ रजा. अक्षर त्यांचं.

मी तिथूनच फोन लावला. मी म्हणाले, "सर, तुम्ही त्या दिवशी मले रजेवर दाखवलं होतं."

ते म्हणाले, "डिसेंबर होता. तुही एक रजा उरली होती. वाया जात होती."